मुलांनी केल्यासारखं

शाळेची चिठ्ठी शनिवारी यायची, म्हणजे पालकांच्या हाताशी तीन रविवार असावेत. दरवर्षी त्याच तीन ओळी. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून एक टिकाऊ वस्तू बनवून आणावी. वस्तू मुलांनी स्वतः बनवलेली असावी. पालकांनी मदत करू नये. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा ओढलेल्या. त्या दोन रेघा वाचून झाल्या, की सोमवारी सकाळपासून लोक कात्रीकाकूंचा जिना चढायला लागायचे.

जिना अरुंद. वर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर तीन कात्र्या, खळीचं भांडं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पुठ्ठे. काकू टेबलापाशी बसलेल्या असायच्या आणि आलेल्याला बसा म्हणायच्या नाहीत. दुसरी खुर्चीच ठेवली नव्हती. बसले की बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

तरी बोलायचेच. आणि सगळे एकच वाक्य बोलायचे. "त्याचं काय आहे काकू, त्याला ना, वेळच मिळत नाही हो."

तो म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा.

"का? राज्य बघतो का?" काकू विचारायच्या.

लोक हसायचे. हसणं भाग होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ह्यांना गरज नसतानाही नव्हती, असं काकूंचं पक्कं मत. मग ऑर्डर सांगून व्हायची, घुबड नाहीतर घर नाहीतर गलबत, आणि दारातून वळून प्रत्येक जण तेच सांगायचा. "आणि काकू, मुलांनी केल्यासारखं दिसू द्या बरं का."

काकू जन्मापासून ह्या धंद्यात नव्हत्या. अकरा वर्षं त्या खोक्यांच्या कारखान्यात होत्या. बुटांची खोकी, औषधांची खोकी, केकची खोकी. पुठ्ठ्यावर घडीची रेघ ओढायची आणि रेघेवर मोडायची. त्यांनी मोडलेलं खोकं उघडलं तर 'टक्' असा आवाज व्हायचा. मालक गिऱ्हाइकाला तो आवाज ऐकवायचा. मग एक दिवस मशीन आलं, दिवसाला हजार खोकी ओकायला लागलं, आणि मालकाने अकरा बायकांना चहा पाजून घरी पाठवलं. चहाही पातळ होता, हे काकू कधी विसरल्या नाहीत.

त्यानंतर खालच्या मजल्यावरची मुलगी एका संध्याकाळी पवनचक्की जमत नाही म्हणून रडत बसली होती. काकूंनी दयेपोटी तिला करून दिली. हात सवयीचा; पवनचक्की अशी झाली की फुंकर मारली तर मिनिटभर फिरावी. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती तशीच परत आली. हस्तकलेच्या बाईंनी वर्गासमोर विचारलं होतं, "हे तू केलंस? खोटं बोलू नकोस." मुलगी पुन्हा रडली, आता दुप्पट.

काकूंना राग आला तो बाईंचा नाही, स्वतःच्या हाताचा. त्या दिवसापासून त्यांनी वाईट करायला शिकायला घेतलं.

वाईट करणं सोपं वाटतं. करून बघावं. काकू महिनाभर प्राथमिक शाळेच्या समोरच्या कठड्यावर जाऊन बसल्या, आतली पोरं काय करतात ते बघत. पहिलीचं मूल खळ इतकी लावतं की कडेने ओघळ सुटतात. तिसरीचं मूल सरळ कापतं, पण वळण आलं की थांबतं, म्हणून त्याचा गोल गोल होत नाही, दहा कोपऱ्यांचा होतो. मुलगे मधोमध रंग फासतात आणि कोपरे विसरतात. मुली कोपऱ्यांपासून सुरू करतात आणि मधे येईपर्यंत रंग संपतो. नाव लिहिताना सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, आणि कागद संपत आला की शेवटची दोन एकमेकांच्या डोक्यावर बसतात. हे सगळं काकूंनी डाव्या हातात उतरवलं. उजव्या हाताला ते जमेना. उजवा हात अडाणीपणा करायला तयारच होईना. देवाने दोन हात दिले, एक खरं करायला आणि एक खोटं करायला, असं त्या हसत म्हणायच्या. आणि म्हणून झालं की मनातल्या मनात त्याच देवाची माफी मागायच्या.

सहा वर्षं हे चाललं. सहाही वर्षं एकही वस्तू परत आली नाही.

काकूंची अट एकच. कचरा ज्याच्या घरचा त्याने आणायचा. उगाच नाही, बाईंनी विचारलं, 'हा डबा कशाचा रे?' तर मुलाला डबा ओळखता तरी यायला हवा. बाकी त्याला काहीच ओळखायचं नव्हतं.

आणि ह्या अटीपायी काकूंना माणसं कळली. एखाद्याच्या घरी जाऊन वर्षभर राहा, कळणार नाही ते त्याच्या घरच्या पिशवीभर कचऱ्यात कळतं. आम्ही घरी साखरच आणत नाही म्हणणाऱ्यांच्या पिशवीत चॉकलेटची चांदी. दारू सुटली म्हणून गल्लीभर सांगणाऱ्याकडून दरवर्षी बुचं मात्र वाढती. एका मोठ्या पुस्तकी गृहस्थांच्या घरून कागदाचा कपटा आला नाही, झोपेच्या गोळ्यांची पाकिटंच आली. काकू सगळं धुवायच्या, वाळवायच्या आणि तोंड मिटून ठेवायच्या. लोकांच्या घाणीला हात लावायचा, जीभ लावायची नाही.

पण हे निदान खरं टाकाऊ होतं. त्याहून वरच्या पायरीची माणसं होती, ज्यांच्या घरी कचराच नसायचा. म्हणजे असायचा, पण त्यांना तो हातात धरवत नसे. ते कचरा विकत आणायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाई ह्या त्यातल्या पहिल्या. लेक चौथीत. त्यांनी सहा कोऱ्या करकरीत बरण्या आणल्या, धुतलेल्या, वासाच्या.

"ह्यात काय होतं?" काकूंनी विचारलं.

"क्रीम."

"मग क्रीम कुठं गेलं?"

"बेसिनमध्ये ओतलं. काय करणार? बरण्या रिकाम्या हव्या होत्या ना."

काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे टिकाऊचं टाकाऊ तुम्ही केलंत. आता टाकाऊचं टिकाऊ मी करायचं. मुलीने काय करायचं?"

"तिला पोहण्याचा क्लास असतो हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विमावाले काका त्यांच्याही पुढचे. त्यांच्या नातवाला गलबत हवं होतं आणि गलबताला म्हणे पुठ्ठ्याच्या नळ्या लागतात. त्यांनी टॉयलेट पेपरचे बारा नवे रोल आणले, दुपारभर घरात बसून सगळे उलगडले आणि नळ्या काढल्या. आणि त्या कागदाच्या गंजीचं काय करावं ते सुचेना, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून सगळा कागद दोन गोणपाटांत कोंबून काकूंच्याच जिन्याखाली आणून ठेवला.

"काका, गोणपाटात काय आहे?"

"काही नाही. कचरा आहे."

"आणि हातात?"

"हातात आपला... कच्चा माल."

काकू हसल्या नाहीत. हसण्याइतकीही काकांची किंमत त्यांना वाटली नाही.

ह्या सगळ्या गोतावळ्यात काकूंची स्वतःची एक लेक होती. भिंगरी. नाव वेगळं होतं, पण घरात, जिन्यावर आणि वर्गातही भिंगरीच. चौथीत होती. प्रदर्शन तिसरी-चौथीचं, तिसरीत ऐन वेळी तिला गोवर निघाला, म्हणजे आता हे एकच वर्ष हाताशी. शाळेच्या कार्यालयाबाहेर एक काचेचं कपाट होतं. प्रदर्शनातल्या निवडक वस्तू त्यात नावाच्या चिठ्ठीसकट वर्षभर राहायच्या. भिंगरी पहिलीपासून त्या कपाटाला नाक लावून उभी राहायची. कपाटातल्या सगळ्या वस्तू आईच्या हातच्या, हे तिला ठाऊक होतं. तिला त्यात स्वतःच्या हातची हवी होती. दुसरं काही तिला जगात नको होतं.

"मी बस करणार," तिने चिठ्ठी आली त्याच दिवशी सांगितलं. "आणि तू हात लावायचा नाहीस."

"कोण लावतंय? सोमवारपासून पसारा पडेल माझ्यासमोर," काकू म्हणाल्या. पण मनात त्यांना बरं वाटलं. जगाच्या पोरांना आपला हात लागला तो लागला. आपल्या पोरीला लागणार नाही, असं त्यांनी केव्हाच देवाला सांगून ठेवलं होतं.

भिंगरीचे वडील बस आगारात मिस्त्री होते. घरात बोलायचे कमी, आगारात त्याहून कमी. सुट्टीच्या दिवशी ती त्यांचा डबा घेऊन आगारात जायची आणि दोन-दोन तास यायची नाही. गाडीच्या मागच्या झाकणाखाली डोकं घालून बसलेली असायची. तिची बस तिथून आली होती. दुधाच्या दोन पुठ्ठी डब्यांचा सांगाडा. गोळ्यांच्या पाकिटांवरचे फुगीर कप्पे कापून पुढचे दिवे. चाकं औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची, आस संपलेल्या रिफिलचा. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून बत्तीस बाकडी. मागे झाकण, ते उघडलं की इंजिन: टूथपेस्टचं टोपण, पेनातली स्प्रिंग आणि पंख्याचा पट्टा म्हणून फुटक्या फुग्याची कापलेली कडी. दार दोन पाकळ्यांचं, घडी होऊन उघडणारं.

काकू एका बाजूला बसून डाव्या हाताने वेडंवाकडं कापत होत्या, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लेक उजव्या हाताने नीट कापत होती. गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांची असल्यापासून ती त्या टेबलाखाली वाढली होती, तिने बघितलं होतं.

रिफिलवरून चाक निसटायचं. तीन दिवस निसटत होतं. काकूंचे हात शिवशिवायचे. एक मेणबत्तीचा थेंब, की काम फत्ते. त्या उठून पाणी प्यायच्या, खिडकीतून बघायच्या, परत बसायच्या. चौथ्या दिवशी भिंगरीने रिफिलचं टोक मेणबत्तीवर धरून चपटं केलं आणि चाक बसलं. आईच्या युक्तीपेक्षा ही युक्ती चांगली होती. काकूंनी ते कबूल केलं नाही. "जळलं नाही नशीब," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी वस्तू जमा करायच्या होत्या. चौदा वस्तू चौदा गाड्यांतून गेल्या. भिंगरी बस छातीशी धरून पायी गेली.

दुपारी ती परत आली तेव्हा बस पिशवीत होती.

"काय गं?"

"घेतली नाही."

"का?"

भिंगरीने पिशवी टेबलाखाली ठेवली. "बाई म्हणाल्या, आईला सांग, लोकांच्या मुलांसाठी करतेस ते मुलांनी केल्यासारखं तरी असतं. स्वतःच्या मुलीसाठी केलंस ते अगदीच उघडं पडलं. मी म्हटलं मी केली. तर म्हणाल्या, आई असं खोटं बोलायलाही शिकवते का?"

ती रडली नाही. रडली असती तर काकूंना सोपं गेलं असतं. ती पुढ्यातल्या कात्रीकडे बघत राहिली, आणि काकू तिच्याकडे.

मिस्त्री संध्याकाळी आले, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "जाऊन सांग ना मग खरं."

"काय सांगू? की बाकीची चौदा माझी आहेत म्हणून? उद्यापासून कोण चढेल हा जिना?"

"मग नको सांगूस," मिस्त्री म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्यांचं बोलणं तिथं संपलं. त्या माणसाशी भांडताही येत नसे.

सकाळी काकूंनी हात जोडले, काय मागितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि बसची पिशवी एका हातात, भिंगरीचा दंड दुसऱ्या हातात धरून त्या शाळेत गेल्या.

प्रदर्शन अकराला उघडायचं होतं. सभागृहात टेबलं मांडलेली, पांढऱ्या चादरी, आणि चादरींवर काकूंचा डावा हात पसरलेला. दीपगृह. गलबत. घुबड. पालक आधीच आले होते, आपापल्या मुलाच्या वस्तूमागे उभे राहून फोटो काढत होते. डॉक्टरीणबाई लेकीला सांगत होत्या, "दीपगृहावर हात ठेव, असा. हस." मुख्याध्यापक दारात नमस्कार घेत उभे होते. ह्या गृहस्थांना दोन्ही बाजूंचं पटायचं. तिसरी बाजू असती तर तिचंही पटलं असतं.

हस्तकलेच्या बाई चिठ्ठ्या लावत होत्या. काकूंनी बस त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"बाई, ही माझ्या मुलीने केलीय. मी हात लावलेला नाही."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, आता कशाला... आपण नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? माझा हात कुठला, ते मला कळत नाही का? हा नाही. माझा हात तो," काकूंनी बोट दाखवलं, "ते गलबत माझं. ते दीपगृह माझं. ती पेटी, ते घर, तो हत्ती, माझा. चौदा आहेत, मोजून दाखवते. आणि बाई, ते घुबडही माझंच. तुमच्या भाच्याचं."

बाईंनी घुबडापुढची चिठ्ठी उलटी केली.

मग सगळे एकदम बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "काहीतरीच काय!" "कोण आहे ही बाई?" जिना चढून चढून ज्यांचे गुडघे दुखत होते, ते विचारत होते कोण आहे ही बाई. विमावाले काका छताकडे बघत होते, जणू तिथं काही विम्याचं लिहिलंय. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांग बेटा, दीपगृह कोणी केलं?"

लेकीने आईकडे बघितलं, दीपगृहाकडे बघितलं. "मी," ती म्हणाली. आणि इतकी लाल झाली की काकूंनाच तिच्याकडे बघवेना. पोरीचा राग त्यांना नव्हताच. पोरं काय, ओल्या पुठ्ठ्यासारखी. मोडाल तशी मोडतात.

बाईंनी काकूंना कोपऱ्यात ओढलं. "मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्या कुजबुजल्या. "सगळं माहीत आहे. पण ते काढलं तर टेबलावर काय ठेवू? रिकाम्या चादरी? पालकांना काय दाखवू?"

"मग हिचीच तेवढी का नाही चालत?"

"कारण ती मुलीने केलेली वाटत नाही!" बाई अगदी मनापासून म्हणाल्या. "बघा ना, कडा बघा. गोल बघा. चौथीचं मूल असा गोल कापतं का कधी? सहा वर्षं मी मुलांच्या वस्तू बघतेय. मुलाचा हात मला लगेच कळतो."

काकूंच्या तोंडाशी दहा उत्तरं आली होती. पण 'सहा वर्षं' ऐकलं आणि त्यांनी मनात मोजली. त्यांच्या डाव्या हाताचीही तेवढीच.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. त्यांनी तोडगा काढला. तोडगा म्हणजे ह्या माणसांचा जीव की प्राण. "असं करू. अजून तास आहे. मुलीला इथं आपल्यासमोर बसू दे, शाळेतला काही टाकाऊ माल देऊ, तिने बस करून दाखवावी. म्हणजे कोणाला शंका नको."

"चौदांनाही बसवणार का?" काकूंनी विचारलं.

"तो... तो वेगळा विषय."

"माझी मुलगी चोर आहे का, पंचांसमोर बसायला?" काकू म्हणाल्या. पण भिंगरी एव्हाना खाली बसली होती. "कचरा द्या," ती म्हणाली.

कार्यालयाची टोपली आणून उपडी केली. खडूंची खोकी, फाटकी पाकिटं, गोंदाची रिकामी बाटली, बाटल्यांची झाकणं, एक तुटकी पट्टी. कात्री कार्यालयातली, बोथट. तिने कागद कापला जात नव्हता, चावला जात होता. भिंगरीने दात ओठ खाऊन सुरुवात केली. भोवती बायकापुरुष उभे, घड्याळं बघत. वीस मिनिटांनी त्यांना कंटाळा आला, आणि ते पुन्हा फोटो काढायला गेले.

पोरं मात्र गेली नाहीत. आधी दोन आली, मग सहा, जवळ उकिडवी बसली. डॉक्टरीणबाईंची लेक दीपगृह सोडून कधी आली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिने एक खडूचं खोकं उचललं आणि विचारलं, "हे मी कापू?"

"वाकडं कापशील."

"कापू दे ना."

"बरं. पण बाकडी हवीत. दुमडून." भिंगरीने तिला एक करून दाखवलं. तिने दुसरं केलं, ते उताणं पडलं, आणि ती पोरगी खदाखदा हसली. काकूंनी तिला दोन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं. आईच्या मागे उभी असायची ती, जिन्यात, फोन बघत.

पण तासात काय होतं? त्या बसला तीन आठवडे लागले होते. हिच्या भिंती बोथट कात्रीने करवतल्यासारख्या झाल्या, खडूची पूड आणि गोंद मिळून चिखल झाला, एक चाक बसलं नाही ते नाहीच, आणि दार काढायला वेळच राहिला नाही, म्हणून दार नुसतं पेन्सिलीने काढलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना भिंगरी थांबली. हात कोपरापर्यंत पांढरे.

बाई धावत आल्या. त्यांनी ती बस उचलली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा! ह्याला म्हणतात! अगदी मुलांनी केल्यासारखी!" त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "ही ठेवू या सर. कपाटातही ठेवू. अगं, मग कालच अशी का नाही आणलीस?"

"उत्तम," मुख्याध्यापक म्हणाले. "सगळ्यांचंच समाधान झालं."

बाईंनी चिठ्ठीवर झोकदार अक्षरात भिंगरीचं नाव लिहिलं, ती बसपुढे टेकवली, आणि वर लेकराच्या गालाला हात लावला. कपाट, चिठ्ठी, नाव, वर्षभर; पोरीला जे हवं होतं ते सगळं एका टेबलावर आलं होतं. काकूंनाही वाटलं, चला, कसं का होईना. घे माझे आई, आणि सोडव.

भिंगरीने दोन्ही बसकडे बघितलं. एक टेबलावर, एक काकूंच्या हातात.

"ही नको," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ही वाईट झालीय. चाक नाही, दार नाही. बस अशी नसते." तिने आईच्या हाताकडे बोट दाखवलं. "ती माझी आहे. ती ठेवा."

"ती नाही ठेवता येणार बेटा. ती तुझी वाटत नाही."

"मग माझं नाव काढा."

"अगं, जागा रिकामी दिसेल तुझी."

"दिसू दे."

आणि तिने स्वतःच चिठ्ठी उचलली, ओली बस उचलली, आणि कोणाला न विचारता दाराकडे चालू लागली. मुख्याध्यापक बाजूला झाले. त्यांना तिचंही पटलं असावं.

काकू मागून निघाल्या. फाटकापाशी टाचांचा आवाज आला. डॉक्टरीणबाई. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्या जवळ आल्या आणि आवाज लोण्यासारखा करून म्हणाल्या, "काकू, मघाशी जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. तिथं सगळ्यांसमोर मला तरी काय बोलता येणार होतं? बरं, पुढच्या महिन्यात विज्ञानाचं आहे. ज्वालामुखी. मी बरण्या आणून ठेवल्यात."

माणसाला लाज नसते असं नाही. काहींना ती ठेवायला जागा नसते. काकूंनी त्यांच्या हातातली पर्स, बोटांतल्या अंगठ्या, स्वच्छ नखं, सगळं एकदा नीट बघून घेतलं.

"ज्वालामुखी मुलीला करू दे."

"तिला कुठं येतंय?"

"मग ज्वालामुखी होणार नाही. जग बुडत नाही त्याने. मी आता कोणाचंच काही करणार नाही, डॉक्टरीणबाई. बरण्यांत क्रीम परत भरता आलं तर बघा."

आणि त्या वळल्या. अर्धी गल्ली आता तोंडावर नाही, पण पाठीमागे काय म्हणणार, खोक्यांच्या कारखान्यापासूनचं काय काय उकरणार, ते त्यांना पाठ होतं. म्हणोत. देव कानाने बहिरा नाही.

भिंगरी बरीच पुढे गेली होती. काकूंनी तिला गाठलं आणि तिची पहिली बस तिच्या हातात दिली.

"तू आली नसतीस तर बरं झालं असतं," भिंगरी म्हणाली. "आता वर्गात कोणी बोलणार नाही माझ्याशी."

"हो," काकू म्हणाल्या.

आणखी एक वळण गेलं.

"आई, बाईंना खरंच कळत नाही? खरं मुलाने केलेलं कसं दिसतं ते?"

"नाही कळत."

"का?"

काकूंना वाटलं, सांगावं की बाई मूर्ख आहेत. मुख्याध्यापक भित्रे आहेत आणि पालक नालायक. हे सगळं खरं होतं आणि ते ओठांवरही आलं होतं.

"त्यांना मी बघूच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं."

भिंगरी चालता चालता थांबली. तिने आईकडे एकदा नीट बघितलं. मग आईच्या बाजूच्या काखेतली पहिली बस काढून तिने दुसऱ्या काखेत, आईचा हात पोचणार नाही अशी घेतली, आणि पुढे चालू लागली.